रामशेजवर फासे टाकायचे की नाही? मुक्त रोलप्ले विरुद्ध नियमवाला रोलप्ले

गुलशनाबादी | मंगळवार, रात्री ११:१२

मंडळी, आमच्या गटात दिवाळीपासून एक भांडण पेटलंय. कॉलेज रोडवरच्या कॅफेत बसून ते सुटत नाही, नुसतं बिल वाढतं. म्हणून इथे आणतोय.

आधी पार्श्वभूमी. आम्ही पाच-सहा जण टेलिग्रामवर लिहून रोलप्ले खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि मिळून गोष्ट पुढे न्यायची. टेबलाभोवती जमायला कुणाचीच वेळ जुळत नाही. एक जण अंबडला शिफ्टमध्ये, एक दिंडोरीकडे द्राक्षबागेत, दोघी आयटीत, एक पुण्याला गेलेला. तेव्हा ज्याने त्याने आपल्या सवडीने यायचं, आपल्या पात्राचे दोन-चार परिच्छेद लिहायचे, पुढच्याने तिथून धागा उचलायचा. खेळ रामशेजचा आहे. साल १६८२, वर गड, खाली शहाबुद्दीन खान फिरोजजंगाची छावणी. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, पेठ रस्त्याला आशेवाडीच्या डोक्यावर दिसतो तो बुटका डोंगर म्हणजे रामशेज. सह्याद्रीतल्या बाकी गडांपुढे उभा केला तर कुणी ढुंकून बघणार नाही, पण औरंगजेबाच्या सरदारांना तो पाच वर्षांहून जास्त काळ दमवत राहिला. तटावर लाकडाच्या तोफा करून त्यातून मारा केला असंही सांगतात. रोलप्लेला याहून चांगलं मैदान नाशिककराला कुठे मिळणार?

इतके दिवस आमचा खेळ पूर्ण मुक्त होता. फासे नाहीत, आकडे नाहीत, पात्राचा तक्ता नाही. लिहाल ते घडलं. महिनोन्‌महिने मजेत चाललं, कारण तोवर लढाईच झाली नव्हती. मग एका रात्री मोगलांच्या बाजूने शिडी लागली आणि पुढचं असं झालं (थोडक्यात देतोय):

मोगल: "पहिला हशम तटावर चढला आणि पेंगुळलेल्या पहारेकऱ्याच्या गळ्यात त्याने कट्यार उतरवली."
पहारेकरी: "पहारेकरी झोपेचं सोंग घेऊन बसला होता. तो बाजूला सरला, कट्यार दगडावर घासली, आणि त्याने लाथ मारून शिडी ढकलली."
मोगल: "शिडीला लोखंडी आकडे होते. ती हलली नाही."
पहारेकरी: "आकडे त्याने संध्याकाळीच बुरुजावरून हेरले होते. म्हणूनच तेलाची कढई तापत ठेवली होती."
मोगल: "कढईखालचा जाळ फितूर माणसाने आधीच विझवला होता."

सकाळी उठून बघतो तर दोन्हीकडून सगळं "आधीच" झालेलं. फितुराला फितूर निघाला होता, कढई दोन होत्या. चाळीसेक मेसेज आणि शिडी होती तिथेच.

यावर अर्ध्या गटाचं म्हणणं, सरळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या रोलप्ले खेळाचे नियम लावा, वीस बाजूंचा फासा टाका, विषय संपला. तेही करून पाहिलं. त्या नियमांत लढाईची एक फेरी म्हणजे खेळातले सहा सेकंद. प्रत्येकाची पाळी ठरलेली, आणि आमच्याकडे कुणी रात्री दोनला ऑनलाइन येतो तर कुणी दुपारी चारला. पहिल्या क्रमांकाचा माणूस लग्नाला गेला की बाकीचे तलवारी उपसून उभे. सहा सेकंदांत आमचा आठवडा गेला. आणि लिहिणं कसलं झालं? "१४ आले. लागला का?" "नाही, १५ हवे होते." एवढंच.

माझं मत आत्ताच सांगून टाकतो: नियम हवेत, पण फक्त दोघांच्या इच्छा एकमेकांवर आदळतील तिथे. बाकी सगळं रान मोकळं. पण ती आदळण्याची जागा नेमकी कोणती, आणि तिथे नियम किती, यावर एकमत होत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सोमेश्वरचा_धबधबा | मंगळवार, रात्री ११:३१

चांगला धागा. खुर्ची टाकून बसलो आहे, शेंगदाणे कुणीतरी आणा.

बिनफाशाचा | बुधवार, सकाळी ७:०५

तो पहारेकरी मीच. गुलशनाबादीने माझी बाजू सोयीस्करपणे "थोडक्यात" दिली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तो पहारेकरी म्हणजे कुणी भरतीचं प्यादं नव्हे. नाशकातला तांबट, भाऊ मोगलांच्या बिगारीत गेलेला, स्वतः गडावर भांड्यांना कल्हई लावायला चढला आणि वेढ्यात अडकला. त्याला रात्री झोप लागत नाही हे मी पावसाळ्यात लिहिलंय, तेव्हा शिडीचा कुणाच्या मनात विचारही नव्हता. आणि एका वाक्यात कुणीतरी येऊन त्याला "पेंगुळलेला" करून मारून टाकतो! माझं पात्र पेंगुळलंय की जागं आहे हे दुसऱ्याने कसं ठरवायचं? मुक्त खेळात हा सगळ्यात पहिला संकेत असतो: दुसऱ्याचं पात्र तुम्ही हलवायचं नाही. तो मोडला मोगलांनी. मी फक्त उत्तर दिलं. कढया जरा जास्त झाल्या असतील.

आता फाशांबद्दल. फाशाला तांबट माहीत नाही. त्याचा भाऊ, त्याची निद्रानाशाची खोड, हे काहीच फाशाला ठाऊक नसतं. कागदावर "सावधपणा +३" लिहिलं की एवढी माणसाची किंमत झाली? लोक आकडा वाढवण्यासाठी लिहायला लागतात. मी एका इंग्रजी गटात वर्षभर होतो, तिथे लोकांना आपल्या पात्राच्या आईचं नाव सांगता येत नव्हतं पण चिलखताचा आकडा झोपेत विचारला तरी तयार.

आणि फाशाविना खेळणं हे काही आमचं नाशकी खूळ नाही. अँबर डाइसलेस नावाचा खेळ १९९१ साली निघाला, एरिक वुजसिक यांचा. त्यात फासाच नाही. सुरुवातीला प्रत्येकाला १०० गुण मिळतात आणि चार गुणधर्मांसाठी खेळाडू एकमेकांवर बोली लावतात, लासलगावला कांद्याची लागते तशी. ज्याची बोली वरचढ तो त्या बाबतीत वरचढ. त्यापुढे सगळं बोलून, लिहून, डोकं लढवून.

सातपूर_थर्ड_शिफ्ट | बुधवार, सकाळी ८:२०

शिफ्ट सुटून घरी आलो आणि हा धागा दिसला. झोप गेली उडत.

हे भांडण तुमच्या शिडीपेक्षा बरंच जुनं आहे. प्रशियाच्या सैन्यात रायसविट्स बापलेकांनी युद्धाचा सराव करायला खेळ बनवला. बापाने १८१२ च्या सुमारास राजाला दाखवला, मुलाने १८२४ मध्ये नियम छापले. नकाशा, सोंगट्या, फासे, नुकसानीचे तक्ते, आणि वर एक पंच. अधिकारी तो खेळू लागले आणि काही वर्षांनी तुमच्यासारखीच तक्रार सुरू झाली: तक्ते बघण्यात वेळ जातो, लढाई राहते बाजूला. १८७० च्या दशकात मेकेल नावाच्या अधिकाऱ्याने या किचकटपणावर टीका केली, आणि १८७६ मध्ये फॉन व्हर्डी या अधिकाऱ्याने सांगून टाकलं की तक्ते आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. याला मुक्त युद्धखेळ म्हणतात. म्हणजे मुक्त विरुद्ध नियम हा वाद डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या शंभर वर्षं आधीचा.

पण इथे मेख बघा. व्हर्डीचा मुक्त खेळ चालायचा कारण पंच खरोखर लढाया पाहिलेला माणूस असायचा आणि समोरचे त्याला सॅल्यूट करणारे. टेलिग्रामच्या गटात कोण कुणाला सॅल्यूट करतो?

पुढची गंमत १९६९ ची. अमेरिकेत डेव्हिड वेस्लीने नेपोलियनच्या काळातल्या एका गावाचा खेळ मांडला, ब्राउनस्टाइन. प्रत्येकाला सैन्याऐवजी एकेक माणूस दिला, कुणी महापौर, कुणी विद्यार्थी. खेळाडू नियमांत नसलेल्याच गोष्टी करत सुटले, आणि वेस्लीला जागच्या जागी निकाल द्यावे लागले. वेस्लीच्याच खेळमंडळातल्या डेव्ह आर्नेसनला ही चटक लागली, त्याने ब्लॅकमूर मांडलं, आणि त्यातून गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं. तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई १००० प्रती. म्हणजे आज ज्याला आपण नियमांचा बाप म्हणतो तो जन्मला नियमांबाहेर गेलेल्या खेळातून. आधी माणसं मोकाट सुटली, मग कुणीतरी ते लिहून काढलं.

बिनफाशाचा, तुमचा तांबट मला आवडला. पण तो मरूच शकत नसेल तर त्याच्या निद्रानाशाला अर्थ काय?

पवननगरचा_पक्या | बुधवार, सकाळी ९:४४

बाळबोध प्रश्न. हे पबजीसारखं असतं का? आणि जिंकतं कोण?

सातपूर_थर्ड_शिफ्ट | बुधवार, सकाळी ९:५०

नाही. आणि कुणीच नाही. झोपतो आता.

निळी_छत्री | बुधवार, दुपारी १:१५

मी त्याच गटात आहे, आयटीतल्या दोघींपैकी एक. वाचत होते, पण आता राहवत नाही.

दादा लोक, तुम्ही दोघं शिडीवर चाळीस मेसेज भांडलात तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. माझी दाईण त्याच बुरुजाखालच्या टाक्यावर पाणी भरत होती, हे आदल्या दिवशी मी लिहिलं होतं. मीटिंग संपवून बघते तर बुरुजावरून उकळतं तेल सांडून गेलंय. दोनदा. माझ्या बाईचं काय झालं हे एकानेही विचारलं नाही.

मुक्त खेळात नियम नसतात हे मला कधीच पटलं नाही. नियम असतात, फक्त लिहिलेले नसतात. आमच्या गटातले न लिहिलेले नियम सांगू? जो भराभर टाइप करतो त्याचं खरं. जो रात्री जागतो त्याचं खरं. ज्याने गट काढला त्याच्या पात्राला कुणी हात लावत नाही. ज्याला इतिहासातले चार दाखले फेकता येतात तो वाद जिंकतो. नवीन माणूस आला की त्याला हे कुणी सांगत नाही, त्याने दोन-तीनदा तोंडावर आपटून शिकायचं. गेल्या उन्हाळ्यात आलेली मुलगी आठवते? महिन्याभरात गप्प झाली आणि मग गेली. तुम्हाला वाटलं तिला आवड नव्हती. तिचे चार परिच्छेद सलग कुणीतरी "पण तसं झालंच नाही" म्हणून पुसले होते.

व्हिन्सेंट बेकर नावाचा खेळ लिहिणारा माणूस आहे, त्याचं म्हणणं साधारण असं आहे की खेळात काय घडलं यावर गटाचं एकमत ज्या कुठल्या मार्गाने होतं, तोच त्या गटाचा खरा नियम. पुस्तकातला असो नसो. आपला मार्ग होता "जो दमणार नाही तो". बिनफाशाचा, तू तुझ्या पात्राची बाजू जीव तोडून लिहितोस हे मला मान्य. पण फासा टाकला असता तर माझी दाईण तुझ्याइतकीच मोठी होती. फाशाला तांबट माहीत नाही हे खरं, पण फाशाला हेही माहीत नाही की मी गटात उशिरा आले.

आणि एक वेगळीच गोष्ट. वेढ्याचा खेळ आहे, बायका-पोरं आहेत, छावणी आहे. कुणीतरी कधीतरी नको ते लिहिणार. टेबलावर खेळणारे लोक एक्स-कार्ड वापरतात, जॉन स्टावरोपोलोस याने आणलेलं. कार्डाला हात लावला की तो प्रसंग तिथेच कापायचा, कारण विचारायचं नाही. आपल्याकडे "पडदा" एवढा एक शब्द ठेवू. यावर मात्र मला चर्चा नकोय, हे हवंच आहे.

गणिताचा_तास | बुधवार, सायंकाळी ६:३०

निळी_छत्री यांच्याशी सहमत. पण वीस बाजूंचा फासा लिहून खेळायच्या खेळाला माझ्या मते अगदीच गैरसोयीचा आहे, का ते सांगतो.

वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक आकडा यायची शक्यता ५ टक्के. सपाट. १ येणं आणि ११ येणं सारखंच. उत्तरही होय नाहीतर नाही. "नाही" आलं की त्या परिच्छेदात काहीच घडत नाही, आणि पुढची पाळी यायला तुमचे चार दिवस जातात. टेबलावर नेम चुकला तर अर्ध्या मिनिटात पुन्हा पाळी येते, तिथे ते खपून जातं.

त्याऐवजी अपोकॅलिप्स वर्ल्डची रीत बघा. २०१० चा खेळ, वर ज्यांचं नाव आलं ते व्हिन्सेंट बेकर आणि मेगी बेकर यांचा. ल्युडोचे दोन साधे फासे टाकायचे आणि बेरीज करायची. १० किंवा वर: हवं ते मिळालं. ७ ते ९: मिळालं, पण किंमत मोजून. ६ किंवा खाली: गोष्ट अंगावर आली. दोन फाशांच्या ३६ जोड्या असतात. त्यात ६ किंवा कमी येणाऱ्या १५, सात ते नऊच्या १५, दहा किंवा वरच्या फक्त ६. म्हणजे सुमारे ४२, ४२ आणि १७ टक्के. पात्राला त्या कामात एक गुण जास्त दिला की जोड्या होतात १०, १६, १०. दोन दिले की ६, १५, १५.

बघा, मधला पट्टा प्रत्येक वेळी भरलेला राहतो. "झालं, पण..." हे उत्तर सतत येत राहतं, आणि लिहिणाऱ्याला "पण" च्या पुढेच तर लिहायचं असतं. शिवाय कुठल्याही निकालात काहीतरी घडतंच. शिडी होती तिथे राहत नाही.

त्या खेळात शत्रूसाठी वेगळा फासा टाकावाच लागत नाही, खेळाडूचाच फासा दोघांचं ठरवतो. एका प्रसंगाला एक फेक. टेलिग्रामवर फासे टाकणारे बॉट आहेत, तेव्हा "माझ्याकडे बारा आले, आईशप्पथ" हाही प्रश्न नाही.

सोमेश्वरचा_धबधबा | बुधवार, रात्री ८:०२

दंडवत. शाळेत संभाव्यता अशी शिकवली असती तर.

कुडाळकर_सध्या_इंदिरानगर | बुधवार, रात्री ९:४०

तुमचे इंग्रजी खेळ मला माहीत नाहीत, पण दशावतार बघत मोठा झालो, म्हणून दोन शब्द.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी आख्यान कुठलं ते ठरतं, कुणी काय करायचं ते सांगितलं जातं, आणि रंगायला बसल्या बसल्या एवढ्यावरच नट उभे राहतात. संवाद जागेवर. राजाने किती ताणायचं, ऋषीने कुठे तोडायचं, सगळं समोरच्याकडे बघून. म्हणजे बिनफाशाचा यांच्या भाषेत शंभर टक्के मुक्त.

पण आता दुसरी बाजू बघा. आधी गणपती येणार, संकासुर येणार, तो मालवणीत टवाळी करणार, हा क्रम ठरलेला. पेटी-पखवाज कधी उठणार ते ठरलेलं. युद्धात कोण जिंकणार हे तर पुराणातच ठरलेलं. कुणी राक्षसाचं काम करणारा "मी आज मरणार नाही" म्हणून अडून बसला असं मी तरी पाहिलेलं नाही. उलट मरण किती रंगवता येतं यावर त्याला टाळ्या. एका म्हाताऱ्या नटाचं बघितलंय, बाण लागल्यावर पडेपर्यंत त्याने पाच मिनिटं घेतली. गिरकी, थांबणं, सूडाची भाषा, परत गिरकी. लोक उठायला तयार नाहीत.

तिथे निकाल बांधलेला आहे म्हणून तो नट इतका मोकळा होता, असं माझं म्हणणं. तुमच्या तटावर दोघंही निकालासाठी भांडत होते, त्यामुळे दोघांचंही लिहिणं आकडे-कढईत गेलं.

तुमच्या नाशिक जिल्ह्यातही पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा होतो, मुखवट्यांची सोंगं नाचतात, काही सोंगं घराण्याकडे पिढीजात असतात. तिथेही सोंग कुणाचं यावर वाद नसतो, नाचायचं कसं हे ज्याचं त्याचं.

बिनफाशाचा | बुधवार, रात्री १०:२५

कुडाळकर, हे आवडलं. पण दशावतारातला राक्षस उद्या दुसऱ्या गावात परत उभा राहतो. माझा तांबट एकदा गेला की गेला.

निळी_छत्री, दाईणीचं मनावर घेतलंय. खरंच.

पवननगरचा_पक्या | बुधवार, रात्री १०:४८

अवांतर: खुर्चीवाले काका, शेंगदाण्यांचं सोडा, रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला कोण येतंय? काळा रस्सा की लाल?

सोमेश्वरचा_धबधबा | बुधवार, रात्री १०:५०

काळा. यात मतभेद असूच शकत नाहीत.

पवननगरचा_पक्या | बुधवार, रात्री १०:५१

असू शकतात.

संपादक | बुधवार, रात्री ११:१०

मिसळीचा वेगळा धागा आहे, तिकडे जा. याची काशी करू नका.

थोरात_गल्लीतला | गुरुवार, सकाळी १०:०५

एक ऐतिहासिक शंका. तुमच्या मुक्त खेळात कुणी फिरोजजंगालाच मारलं तर? तो हैदराबादच्या पहिल्या निजामाचा बाप. सगळा दख्खनचा इतिहास फिरेल. नियमवाल्यांच्या फाशातही बारा आले की तेच. मग खेळ ऐतिहासिक कशाला म्हणायचा?

सातपूर_थर्ड_शिफ्ट | गुरुवार, सकाळी १०:४०

पोराचा जन्म १६७१ चा. आपल्या खेळाच्या वेळी तो अकरा वर्षांचा आहे, त्यामुळे हैदराबाद सुरक्षित. :)

पण मुद्दा बरोबर आहे. खेळ सुरू करण्याआधी हे ठरवायचं असतं. त्या पहिल्या बैठकीला सेशन झीरो म्हणतात. आपल्याकडे ती बैठक चहा पिण्यात गेली. इतिहासातली ठळक माणसं आणि ठळक निकाल हात न लावता ठेवायचे, आणि फक्त इतिहासाने ज्यांची नावं नोंदवली नाहीत अशांच्या नशिबाशी खेळायचं, असं ठरवता येतं. गड लढणार हे माहीत आहे. तांबट राहील की जाईल, दाईण कुणाला वाचवेल, हे माहीत नाही. खेळायला एवढं भरपूर झालं.

गुलशनाबादी | गुरुवार, रात्री ११:५५

सगळ्यांचे आभार. आज ऑफिसात काम कमी आणि हेच जास्त केलं. खालचा मसुदा गटात टाकणार आहे, आधी इथे फाडून घ्या.

पोस्टमध्ये फक्त आपल्या पात्राचा प्रयत्न लिहायचा, दुसऱ्यावर झालेला परिणाम लिहायचा नाही. "गळ्यात कट्यार उतरवली" बाद, "गळ्याच्या रोखाने कट्यार चालवली" चालेल. परिणाम समोरचा लिहील. माझ्या अंदाजाने आपली नव्वद टक्के भांडणं इथेच मरतील, कारण समोरच्याला मोठ्या मनाने हरण्याची संधी मिळते आणि माणसं संधी मिळाली की बऱ्याचदा ती घेतात.

तरी दोघंही अडले तर दोन फासे, बॉटवर, गणिताचा_तास म्हणाले तसे. टाकण्याआधी दोघांनी एकेका ओळीत लिहायचं की आपल्याला काय हवंय. "मला तटावर यायचंय." "मला गजर करायचाय." अर्ध्या वेळा लक्षात येतं की दोन्ही एकदम होऊ शकतं, फासा टाकायची गरजच नाही. शिडीच्या रात्री तेच होतं! हशम वर आला असता आणि गजरही झाला असता, आणि पुढचा प्रसंग दोघांच्याही लिहिण्यापेक्षा भारी झाला असता.

पात्रांना गुण देऊ, पण फार नाही. प्रत्येकाने आपल्या पात्राबद्दल दोन वाक्यं लिहायची. फेकीच्या वेळी त्यातलं वाक्य लागू पडलं तर अधिक एक. "याला रात्री झोप लागत नाही" हे वाक्य असेल तर रात्रीच्या पहाऱ्याला एक गुण. म्हणजे, बिनफाशाचा, फाशाला तुझा तांबट थोडाफार कळेल.

प्रसंगात तिसऱ्याचं पात्र असेल तर त्याने लिहिल्याशिवाय तिथे तेल, आग, दारूगोळा काही उडवायचं नाही. "पडदा" आला की विषय बंद.

पंच कुणी एक नाही. दर वेढ्याच्या महिन्याला बदलेल.

निळी_छत्री | शुक्रवार, सकाळी ८:१५

चांगलं आहे. पण मरणाचं काय? बिनफाशाचा म्हणणार परवानगीशिवाय मारायचं नाही, आणि मग कुणीच मरणार नाही. साडेपाच वर्षांचा वेढा आणि एकही तिरडी नाही, हे कसं दिसेल?

बिनफाशाचा | शुक्रवार, सकाळी ८:५०

रात्रभर विचार करून एक सुचवतो. हरलं कोण हे फासा ठरवेल. कसं हरलं हे हरणारा ठरवेल. सहा किंवा खाली आले की मी हरलो, यात चर्चा नाही. पण तांबट मेला, की हात गेला, की जिवंत सापडला आणि भावासमोर उभा केला गेला, हे मी लिहिणार. आणि ती किंमत खरी वाटली पाहिजे. "बोटाला खरचटलं" लिहिलं तर गटाने परत लिहायला लावायचं.

एवढं मिळालं तर मी फासे टाकायला तयार आहे. नाव बदलणार नाही मात्र.

कुडाळकर_सध्या_इंदिरानगर | शुक्रवार, सकाळी ९:०२

हेच, अगदी हेच! पाच मिनिटं घ्या पडायला.

दिंडोरीचा_किल्लेदार | शुक्रवार, दुपारी २:२०

राम राम. आत्ता सगळा धागा वाचला. छाटणीच्या धामधुमीत फोन हातात घ्यायला फुरसत नव्हती, मजूर मिळेनात, त्यात मधेच ढगाळ हवामान, म्हणजे द्राक्षावर डाऊनी रोगाची धास्ती. तेवढ्या काळात माझा किल्लेदार मुका झाला आणि कुणीतरी त्याच्या तोंडी तहाची भाषा घातली. रामशेजचा किल्लेदार आणि तह? मसुद्यात गैरहजर माणसाचा नियम घाला. बागाईतदाराला लागू होईल असा.

गुलशनाबादी | शुक्रवार, दुपारी ३:०५

घातला. तीन दिवस न लिहिणाऱ्याचं पात्र "गडाच्या कामात आहे" असं धरायचं. त्याला मारायचं नाही, बोलवायचं नाही, त्याच्या नावाने हुकूम काढायचे नाहीत. छाटणी, लग्नसराई आणि वर्षअखेरीचं ऑडिट याला मुदत नाही.

तहाचा मेसेज उडवला आहे.

अंबडचा_हशम | शुक्रवार, रात्री १०:३०

मोगलांकडून मी. इतके दिवस गप्प होतो कारण सगळे मलाच शिव्या देणार हे दिसत होतं. मसुदा मान्य.

आता लगेच वापरून बघू. छावणीत एक मांत्रिक आलाय, रामशेजच्या कथेतला तोच, सोन्याचा साप हातात धरून फौजेच्या पुढे चालणारा. गोष्टीत त्याला तटावरून गोफणीचा दगड लागतो आणि साप उडून पडतो. पण माझा मांत्रिक भोंदू आहे आणि त्याला स्वतःला ते माहीत आहे. मला हवंय: दगड लागायच्या आत साप घेऊन पळून जाणं. सोनं खरं आहे ना! वाक्य लागू: "याला संकट आधी कळतं." अधिक एक.

निळी_छत्री | शुक्रवार, रात्री १०:३८

गोफण माझ्या दाईणीच्या पोराकडे आहे. त्याला हवंय: साप. फौज, मांत्रिक कुणाचं काही देणंघेणं नाही, चमकतंय ते हवंय.

अंबडचा_हशम | शुक्रवार, रात्री १०:४१

दोघांनाही सापच हवाय म्हणजे टाकावाच लागणार. बॉट म्हणतोय २ आणि ५. अधिक एक. आठ.

गुलशनाबादी | शुक्रवार, रात्री १०:४४

सात ते नऊ. साप तुझा, किंमत पोराकडून. निळी_छत्री, दगड कुठे लागला ते तू लिही. सोमवारपर्यंत चालेल.